तीन गावांतले तीन ब्रश

बसची तिकिटं आणि किस्से यांचं एकसारखंच असतं. जपायचे म्हणून कोणी जपत नाही. कधीतरी बॅग झटकली की तळातून निघतात, चुरगळलेले, आणि कुठल्या दिवसाचे ते पटकन आठवत नाही.

परवा पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विषय निघाला, कामासाठी सारखं फिरताना आयुष्य जाग्यावर कसं ठेवायचं. सगळ्या विमानानं फिरणाऱ्या. एक म्हणाली, कपडे घड्या न घालता गुंडाळून ठेवा. दुसरीनं एक ॲप सुचवलं. तिसरीनं लिहिलं, "आपल्या तलाववालीला विचारा. ती तर बसमध्येच राहते."

तलाववाली म्हणजे मी. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या जुन्या तलावांवर माझं काम चालतं. मासेमारांच्या संस्थांबरोबर बसायचं, तलावात माजलेली बेशरमीची झुडपं काढून घ्यायची, देशी माशांचं बीज सोडायचं, नोंदी ठेवायच्या. मी पवनीचीच. आठ वर्षांची असताना आई-बाबांबरोबर पुण्याला गेले आणि शिक्षण संपवून एकटी परत आले. गावाचं पाणी गावानंच सांभाळायला हवं, हे मी इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलं होतं की परत न येणं लाजिरवाणं झालं असतं.

निघताना आई म्हणाली, "एक वर्ष देते तुला. वर्षानंतर तिथं तुझं कोणी असेल तर राहा. नसेल तर मुकाट्यानं परत ये."

मला अट फारच सोपी वाटली होती.

* * *

पहिल्याच महिन्यात मी बसचा तक्ता केला. पवनी, अड्याळ, कोंढा, आसगाव. पहिल्या रकान्यात ठरलेली वेळ, दुसऱ्यात प्रत्यक्षात आलेली, तिसऱ्यात सरासरी उशीर. रंगीत प्रिंट काढून वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवला. वेळ वाया जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलंच होतं.

अड्याळच्या बसचे कंडक्टरकाका रोज तो तक्ता तिरक्या नजरेनं बघायचे. एक दिवस त्यांनी वही मागून घेतली आणि मोबाइलवर फोटो काढला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. माहिती लोकांपर्यंत पोचते ती अशी.

पुढच्या आठवड्यात बस चक्क वेळेवर आली. मी धावत जाऊन बसले. पण बस हलेना. कंडक्टरकाका आणि ड्रायव्हर दोघंही टपरीवर चहा पीत निवांत उभे. मी खिडकीतून विचारलं, "काका, निघायचं ना?"

"बसा ना म्याडम," कंडक्टरकाका म्हणाले. "तुमच्या कागदात सतरा मिनिट लेट लिवलं हाये. आमी कायले तुमाले खोटं पाडावं?"

* * *

माझ्या फोनमध्ये कॅलेंडर आहे. हिरवा रंग अड्याळचा, निळा कोंढ्याचा, लाल आसगावचा. अड्याळच्या संस्थेची पहिली बैठक मी पंधरा दिवस आधी ठरवली आणि सगळ्यांना मेसेज केला. सगळ्यांनी अंगठे पाठवले. आदल्या दिवशी आठवण केली. पुन्हा अंगठे.

बैठकीच्या वेळी संस्थेच्या खोलीत मी एकटी. पाऊण तासानं सचिव नामदेवभाऊ आले. साठीचे, डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात भाजीची पिशवी.

"कोनी येनार नाही," ते म्हणाले. "आज बाजार हाये."

"मग अंगठे कशाला पाठवले सगळ्यांनी?"

"तुमी एवढ्या आवडीनं इचारलं. नाही कसं म्हनावं?"

"आणि तुम्ही कसे आलात?"

ते खुर्चीवर नीट बसले. पिशवी मांडीवर घेतली. "मी मनलं, म्याडम एकट्याच बसून राहतील. आपन जाऊन बसावं थोडं."

आम्ही दोन तास बसलो. त्यांनी पिशवीतल्या वालाच्या शेंगा सोलल्या, मी थोड्या सोलल्या. बैठकीच्या वहीत मी लिहिलं, उपस्थिती दोन. नामदेवभाऊंनी सही केली आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: "चर्चा चांगली झाली."

* * *

आता ब्रशाची गोष्ट. मैत्रिणींनी विचारलं होतं ना, सामान कमी कसं करायचं? त्यावर मी काढलेली युक्ती अशी.

रोज ओला टॉवेल, ब्रश, साबण, कप घेऊन फिरायचा मला कंटाळा आला होता. मुक्काम मात्र ठरलेल्या तीन घरीच असायचा. मग मी तीन संच घेतले आणि तीन गावांत ठेवून टाकले. ब्रशाचा रंग कॅलेंडरप्रमाणे. कोंढ्याला निळा, अड्याळला हिरवा, आसगावला लाल. एकदम हलकी झाले. बॅगेत फक्त वही, फोन आणि पाण्याची बाटली.

कोंढ्याला मी नंदाताईंकडे उतरायचे. त्या शिलाई मशीन चालवायच्या. महिनाभरानं गेले तर माझा निळा ब्रश तेलानं काळा झालेला, मशीनच्या चाकाजवळ.

"अवं, नुसता पडून होता," नंदाताई म्हणाल्या. "मनलं, कामाले लावू. तुमीच सांगता ना, कोनती वस्तू बसून राहू नये."

हे मी खरंच सांगितलं होतं. तलावाबद्दल.

आसगावला मी सीताबाईंकडे राहायचे. सत्तरीच्या, एकट्या, अजून स्वतः जाळं विणणाऱ्या. त्यांनी लाल ब्रशाच्या दांड्याला जाळ्याचा दोरा बांधला आणि दाराशेजारच्या खिळ्याला, जाळ्याच्या बाजूलाच, टांगून ठेवला. मी म्हटलं, "अहो, इतकं कशाला?"

"उंदीर नेते," एवढंच म्हणाल्या.

* * *

पवनीत माझी खोली एका विणकराच्या घरात, वरच्या मजल्यावर. घरमालक मधुकरकाका सकाळी सहाला मागावर बसतात. त्या खटखटीवर मी उठते. जेवणाचा डबा येतो, तो दाराशी ठेवून माणूस जातो. कामांची यादी मी रोज रात्री करून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळ्या ओळींवर काट मारते. त्या वर्षी त्या यादीत मी एकदा लिहिलं होतं, "कोणाशी तरी कामाशिवाय बोलणे." ती ओळ पाच दिवस पुढे ढकलली. सहाव्या दिवशी खोडली.

आईचा फोन सकाळी साडेसातला असायचा. एकदा फोन वाजला आणि मी झोपेतच घेतला.

"आज कुठं आहेस गं?"

मी डोळे उघडले. कौलं. चुलीचा वास. बाहेर कोंबडा. मला आठवेना. तीनही गावांत कौलं आहेत, तीनही गावांत कोंबडे. मी उठून बसले आणि खोलीभर नजर फिरवली.

"थांब," मी आईला म्हटलं. "ब्रश बघून सांगते."

आई हसली नाही. म्हणाली, "जेवतेस ना वेळेवर?"

* * *

आसगावच्या तलावाची हंगामातल्या शेवटच्या दिवसाची मासळी विकत नाहीत, गावात वाटतात. वाटे किती करायचे, यावर दरवर्षी भांडण. सीताबाई मुलापासून वेगळ्या राहायच्या, पण त्यांचा वाटा मुलाच्या घरातच धरायचे.

मी आदल्या वर्षांच्या नोंदी वाचल्या, घरोघर फिरले आणि बैठकीत उभी राहून बोलले. जरा जास्तच तावातावानं बोलले असणार, कारण कोणीतरी पाणी आणून दिलं. शेवटी ठरलं, चुलीमागं एक वाटा. ज्याची गावात वेगळी चूल, त्याचा वेगळा वाटा. संस्थेचे अध्यक्ष तुळशीरामभाऊ, म्हणजे शब्दाचा कानामात्राही इकडचा तिकडे न होऊ देणारा माणूस. त्यांनी मला नियम वहीत लिहायला लावला, दोनदा वाचायला लावला. मग चुली मोजल्या. सव्वीस. सव्विसावी सीताबाईंची.

संध्याकाळी सीताबाई भात रटरटत असताना चुलीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "माही चूल लिवली तुमी वहीत. तुमची कुठं हाये?"

"पवनीत डबा येतो मला."

"मंजे पवनीले नाही."

"नाही."

"पुन्याले?"

"तिथं आईची आहे."

त्यांनी झाकण उचललं, भात बघितला, झाकण ठेवलं. "मंजे कुठंच नाही," म्हणाल्या, आणि मला आधी वाढलं.

* * *

वर्ष उन्हाळ्यात संपलं. पुण्याच्या एका ऑफिसचं पत्र आलं होतं. पाण्यावरचंच काम, पण नकाशांवर, वातानुकूलित खोलीत. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आईची अट होती, इथं माझं कोणी असण्याची; त्याचं उत्तर मी प्रामाणिकपणे शोधलं. तिन्ही गावांत मला ओळखत नाही असं कोणी नव्हतं. चहा न पाजता सोडणारं कोणी नव्हतं. पण मी गेले नाही तर कुठल्या घरी ताट रिकामं राहील, असं एकही घर मला सांगता येईना. मी आईला सांगितलं, येते.

मग निघण्याची यादी केली. तीन गावं, तीन संच, एक दिवस. तक्ता होताच.

कोंढ्याला नंदाताई लग्नाला गेल्या होत्या. त्यांच्या जावेनं मशीनवरून निळा ब्रश उचलून दिला. मी तो का मागते आहे हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. अड्याळला बस टपरीपाशी थांबली तेवढ्या वेळात मी मुक्कामाच्या घरी जाऊन हिरवा ब्रश, टॉवेल, कप घेऊन परतले. घरच्या आजी म्हणाल्या, "धुवाले नेता का?" मी हो म्हटलं. दोन्ही कामांना मिळून ठरल्यापेक्षा कमी वेळ लागला. ओळींवर काट मारली.

आसगावला सीताबाईंच्या दाराला कडी. शेजारीण म्हणाली, सगळे तलावावर आहेत. कडी काढून आत जाऊन ब्रश घेता आला असता. खिळा दारापासून हातभर. पण मालकीण नसताना घरातून वस्तू उचलायची कशी, म्हणून मी तलावाकडे निघाले.

पाणी पार खाली गेलं होतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ताडपत्री पसरून मासळीचे वाटे मांडले होते, एकेका वाट्यात एखादा रोहू, थोडी मरळ, वर बारीक मासळी. मी लांब पळसाखाली थांबले. त्या दिवशी आसगावची माझी तारीख नव्हतीच, त्यामुळे कोणी माझी वाट बघत नव्हतं.

आसगावात वाटप असं होतं. एक माणूस वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा काठी कुठल्याही वाट्यावर ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठ केलेला माणूस न बघता नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. कोणाला मोठा, कोणाला लहान, यावर मग तोंड उघडायचं नाही. त्या वर्षी पाठ करून सीताबाई बसल्या होत्या. काठी तुळशीरामभाऊंच्या हातात.

"हा कोनाचा?"

"गनपतचा."

"हा?"

"शेवंताचा."

एकेक जण पिशवी घेऊन पुढे येत होता. मीही मनात मोजत होते. सव्वीस नावं झाली. सगळ्यांच्या पिशव्या भरल्या. ताडपत्रीवर एक वाटा राहिला.

तुळशीरामभाऊ थांबले. "वाटे कोनी केले?"

"मी," सीताबाई म्हणाल्या. पाठ तशीच.

"एक जास्त झाला."

"जास्त नाही झाला. म्याडमचा हाये."

तुळशीरामभाऊंनी काठी वाट्यावर ठेवली नाही, हातातच धरली. "बाई, चुलीमागं एक वाटा. नेम हाये. म्याडमनंच लिवला. त्याईची इथं चूल कुठं हाये?"

"चूल नाही," सीताबाई म्हणाल्या. "ब्रश हाये. माह्या घरी, खिळ्याले, वरीस झालं. चूल काय, मांडली का पेटते. दात घासाचा ब्रश कोनी परक्याच्या घरी ठेवून जाते का?"

तुळशीरामभाऊ विचारात पडले. खरंच विचार करत होते, ते कधीच उगाच विचार करत नाहीत. मग त्यांची नजर पळसाकडे गेली आणि त्यांनी मला पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तेवढ्या सीताबाई वळल्या नाहीत, कारण वाटप अजून संपलं नव्हतं.

"आल्याच पाहा त्या," तुळशीरामभाऊ म्हणाले. "म्याडम, नेमाचं काम हाये म्हनून इचारतो. बाई मनते ते खरं हाये का? तुमचा ब्रश हाये इथं?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी काठी वाट्यावर ठेवली.

माझ्या खांद्यावरच्या बॅगेतल्या दोन ब्रशांचं कोणी विचारलं नाही.