मुठीतला ड्राइव्ह

आमच्या गोरेगावच्या इमारतीत कुणाचा लॅपटॉप रुसला, की तो काखेत मारून तळमजल्यावर नलूताईंकडे जायचं. त्या एका ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेल्या. लॅपटॉप पालथा घालायच्या, स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत टाकायच्या, आतला फोटोंचा ड्राइव्ह अलगद काढायच्या आणि मालकाच्याच हातात द्यायच्या. "धर. खाली ठेवलास तर बघ!"

माझ्या लॅपटॉपमध्ये दोन ड्राइव्ह होते. छोट्यावरची सिस्टीम बिघडली होती, ती नव्याने टाकायची होती. मोठ्यावर आईचे व्हिडिओ होते. आई वर्षापूर्वी गेली, आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. चुकून तोच ड्राइव्ह पुसला गेला तर?

"आमच्या गावी छपराची कौलं काढली ना, की देव कुणाच्या तरी मांडीवर देतात," नलूताई म्हणाल्या. "घर उघडं पडलं तरी देव शाबूत. एकदा आळस केला, ड्राइव्ह आतच ठेवला, नि भाचीचं अख्खं लग्न पुसलं मी! मेली अजून बोलत नाही माझ्याशी."

मग दुपार पसरायची. पडद्यावर टक्के सावकाश सरकायचे, आरामखुर्चीत त्यांचे यजमान, भाऊ, घोरायचे. त्या दिवशी मी सारखा वाकून बघत होतो.

"भाताचं झाकण सारखं उघडू नये रे. कशाला धावतोस? घाई कित्याक?" एवढं बोलून बाई स्वतःच डुलक्या घ्यायला मोकळ्या! माझ्या मुठीत ड्राइव्ह कोमट झाला होता. माझेही डोळे मिटले, आणि आई ओट्याशी उभी राहून स्वतःशीच काहीबाही बोलतेय असं वाटत राहिलं. वर्षभरात इतकं शांत मला वाटलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर नलूताई गेल्या. पुढे एका दुपारी भाऊंनी हाक मारली. नलूताईंचा लॅपटॉप सुरूच होत नव्हता. "हिचे सगळे फोटो त्यात आहेत. तूच कर रे."

वाटी नेहमीच्या जागी होती. मी स्क्रू काढले, फोटोंचा ड्राइव्ह बाहेर घेतला आणि भाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्या दिवशी ते घोरले नाहीत.

सिस्टीम बसली. ड्राइव्ह परत लावायला मी हात पुढे केला, तर भाऊ मूठ सोडेनात.

"घाई कित्याक?" ते म्हणाले.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि त्यांच्याशेजारी बसून राहिलो.