झोळीतली तबकडी

आमच्या ग्रुपवर सुप्रभात, फुलं आणि देवांचे फोटो यांना सक्त मनाई होती. तिथे एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचंच उत्तर द्यायचं: काय ऐकून राह्यले? सभासद तीन. आर्णीत औषधाचं दुकान चालवणारी मी, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा बोरी अरबचा एक गडी, आणि मुकुटबनकडच्या एका लहानशा गावात राहणारे माझे मामा, निवृत्त चित्रकला शिक्षक. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जॅझ ऐकणारी तीन डोकी सापडली हेच डोक्यावरून पाणी. चौथ्याचा शोध आम्ही घेतला होता. माझ्या नात्यातला एक प्राध्यापक दोन दिवस ग्रुपवर राहिला, "यात गाणं कधी सुरू होते?" असं विचारलं आणि निघून गेला. ग्रुप अजून फोनमध्ये आहे. त्यावर आता कोणी काही लिहीत नाही.

मी आणि बँडवाला मोबाइलवर मिळेल ते ऐकायचो. खऱ्या तबकड्या फक्त मामांकडे. वणीकडच्या खाणीतला एक साहेब बदली होऊन गेला तेव्हा सामान नेणं परवडेना म्हणून त्याने कपाटं, पंखे आणि एक मोठा खोका भंगारवाल्याला दिला. मामा शाळेसाठी जुने पुठ्ठे शोधायला गेले होते. कव्हरवरची चित्रं पाहून त्यांनी खोका उचलला. आत काय आहे हे त्यांना वर्षभर माहीत नव्हतं, कारण वाजवायला यंत्र नव्हतं. निळ्या कव्हरवरचा तो डोळे मिटलेला माणूस ते मुलांना चित्र काढायला समोर ठेवत. पुढे नागपूरहून मुलीने प्लेअर पाठवला आणि मामा साठीच्या तोंडावर पहिल्यांदा जॅझ ऐकून वेडे झाले. "मी याचं नाक काढाले शिकवलं पोरायले," ते म्हणायचे, "अन् हा इतकं सारं बोलून राह्यलाय हे मलेच माहीत नोतं."

त्यांची सांगण्याची रीतही त्यांचीच. रोज दुपारचं जेवण झालं की तबकडी लावायची, फोन हातात धरायचा, माइकच्या खुणेवर अंगठा दाबायचा आणि आवाज भरून ग्रुपवर सोडायचा. अंगठा न दाबताही भरता येतं हे मी त्यांना शिकवून शिकवून थकले. ते अंगठा दाबूनच बसत. अंगठा उचलला की मेसेज आपोआप जातो, तेवढंच त्यांना पटलेलं होतं. पण एक होतं: सूर मधेच तोडून त्यांनी कधी अंगठा उचलला नाही. वाजवणारा एक वाक्य पुरं करून श्वास घ्यायचा, तेव्हा मामा सोडायचे. बँडवाल्याला याचं फार कौतुक होतं. "गुरुजीचा अंगठा सुरात हाय," तो म्हणायचा.

मग सुई उडायला लागली. चांगला वाजत असलेला तुकडा मधेच एक उडी मारायचा आणि पुढे कुठेतरी जाऊन पडायचा. आम्ही तबकडीला दोष दिला. साहेबाच्या घरात काय हाल झाले असतील तिचे. मामांनी दुसरी लावली, तीही उडाली. तिसरीही. बँडवाल्यानेच ते पकडलं. तो जुने मेसेज पुन्हा पुन्हा ऐकतो, रियाज म्हणून. त्याने लिहिलं, गुरुजी, सुई उडायच्या आधी मागं एक भोंगा वाजते, दरवेळी. आम्हीही ऐकलं. लांबवर, डास गुणगुणावा इतका बारीक, पण होता.

भोंगा खाणीचा होता. नाल्यापलीकडे जी नवी कोळशाची खाण निघाली तिथे दुपारी सुरुंग लावायचे, त्याआधी तो वाजायचा. गावाला त्याची इतकी सवय झाली होती की कोणाला तो ऐकूच येत नसे. जमीन हलते असंही कोणाला वाटत नव्हतं. पायांना कळत नव्हतं ते सुईला कळत होतं. मी तिथे गेले की दरवेळी शाळेच्या छपरावरून खाणीच्या मातीचा ढिगारा थोडा आणखी वर आलेला दिसायचा. कापूस वेचून आलेल्या बायांची बोटं काळी असायची. विहिरींचं पाणी खाली गेलं, नाल्याकाठची घरं एकेक करून उठली. मामांच्या बैठकीत पश्चिमेच्या भिंतीवर एक भेग आली होती, तिच्यावर त्यांनी चुना मारून कॅलेंडर टांगलं होतं.

मामी मोजकं बोलणारी बाई. तिला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती सगळ्याला बाजाच म्हणायची. पण सुईची गोष्ट तिने बरोबर धरली. माझ्यादेखत ती मामांना म्हणाली, "सुई उडून राह्यली म्हंजे घर हालून राह्यलं. आपण पोरीकडं नागपूरले जाऊ."

"तुले भित हालताना दिसते काय?" मामा म्हणाले.

"मले नाही दिसत. तुमच्या सुईले दिसते."

 मामा शिक्षक माणूस, युक्तिवाद मानायचे. पानाला चुना लावून ते म्हणाले, "ठीक हाय. दिवाळीपावतर सुई उडतच राह्यली तर निघू. नाही उडली तर पुन्हा नागपूरचं नाव काढाचं नाही." मामीने माझ्याकडे पाहिलं. "आयकलं ना बाई तू?" मी मान हलवली. मामीचा चेहरा इतका मोकळा झाला की त्या रात्री तिने जेवायला वडाभात केला. खाण काही दिवाळीसाठी थांबणार नाही हे तिला माहीत होतं. मामांच्या डोक्यात मात्र खाण नव्हतीच. त्यांच्या डोक्यात सुई होती.

त्यानंतरचे दोन-तीन महिने आम्ही तिघांनी ज्या उत्साहाने घालवले त्याचा मला आज राग येतो. कोणी आजारी पडलं की सगळ्यांची डॉक्टरकी जागी होते, तसं झालं. मामांनी सुईच्या दांडीवर वजन ठेवलं. तबकडी ओरखडली, सुई उडायची ती उडालीच. मग प्लेअरखाली गोधडी. मग गोधडीखाली कापसाने भरलेलं पोतं, कारण आमच्याकडे कशालाही पहिला इलाज कापूसच. मी दुकानातून औषधाच्या खोक्यांतला फोम पाठवला. ग्रुपवर आता काय ऐकून राह्यले हे कोणी विचारत नव्हतं. उडली का, एवढंच विचारत होतो. कधी दोन दिवस नाही उडायची आणि आम्ही फुशारून जायचो, तिसऱ्या दिवशी अख्खी बाजूच ओलांडून जायची. भोंगा आता मेसेजमध्ये कान न देताही ऐकू यायचा.

एकदा मी मामांना सरळ म्हटलं, "मामा, तुमी तापाचं औषध नाही करून राह्यले, थर्मामीटरचं करून राह्यले."

"तू गोळ्या इक," मामा म्हणाले. त्यांना राग आला होता.

शेवटी इलाज निघाला तो बँडवाल्याच्या तांड्यातून. त्याचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेले. तो म्हणाला, त्याची आजी सांगायची, बंडी कितीबी गचके खाऊ दे, झोळीतलं लेकरू जागं होत नाही. "लेकराले खाली नाही ठेवाचं, गुरुजी. टांगाचं." दिवाळीला आठवडा उरला होता. रविवारी आम्ही तिघं मामांकडे जमलो. बैठकीच्या मधोमध छताचा भार घेणारी जी सागाची मयाल आडवी गेली होती तिला पाळण्याच्या कड्या अजून होत्या. मामांची मुलगी त्याच कड्यांच्या पाळण्यात वाढली. बँडवाल्याने सायकलची ट्यूब कापून कड्यांत अडकवली, ट्यूबला दोर, दोराला फळी, फळीवर प्लेअर. वायर वरून आणली, करंट गेला तर म्हणून इन्व्हर्टरला जोडली. त्याचे हात फार हळुवार चालत होते. मामी दारात उभी राहून बघत होती. "माझ्या लेकीच्या पाळण्यात सवत आणून निजवली," ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

फळीला झुलायला जागा हवी म्हणून मधली जागा रिकामी करावी लागली. मामांची वेताची खुर्ची आम्ही उचलली आणि पश्चिमेच्या भिंतीला लावली. कॅलेंडर खुर्चीच्या पाठीला अडत होतं, ते बँडवाल्याने काढून दुसरीकडे लावलं. चुन्यातून भेग पुन्हा वर आली होती. तिच्यात माझ्या करंगळीचं टोक गेलं असतं. मला ती आवडली नाही. मी तसं बोलले, मामा म्हणाले नंतर बुजवू.

तीनच्या सुमारास निळ्या कव्हरची तबकडी लावली. ती सुरू होते तेव्हा आधी नुसता जाड तारेचा आवाज येतो, कोणी विचार करत येरझारा घालावा तसा, मग ढोलावर ब्रशचा घासता आवाज, सुपात गहू पाखडल्यासारखा, आणि मग ट्रम्पेट. ट्रम्पेट आला आणि बाहेर भोंगा झाला. बँडवाल्याने माझं मनगट धरलं. धप्प असा दबका आवाज आला, रांजणावरचं झाकण वाजलं. फळी डुलली, अगदी थोडी, झोपेत मूल कूस बदलतं तितकी. सुई हलली नाही. ट्रम्पेटने आपलं वाक्य पुरं केलं आणि श्वास घेतला.

बँडवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी त्याला मिठी मारली आणि मग मामीकडे वळून म्हणाले, "पाह्य." मामी पाहत होती, पण सुईकडे नाही. ती वर मयालीकडे पाहत होती. मयाल जिथे पश्चिमेच्या भिंतीत जाते तिथून मातीची बारीक धार खाली पडत होती, पीठ चाळताना पडावं तशी. आम्ही बघत असतानाच ती थांबली. मामी आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. मला भीती वाटली. मी ती बोलून दाखवली नाही, कारण सगळे इतके आनंदात होते.

मामांनी शब्द पाळला आणि मामीनेही पाळला. नागपूरचं नाव पुन्हा निघालं नाही. मुलगी फोन करायची, मला म्हणायची, तू तरी सांग त्यायले. मी सांगायचे. मामा रोज दुपारी खुर्चीत बसून, अंगठा दाबून मेसेज भरायचे आणि खाली लिहायचे, सुई हलली नाही. त्या मेसेजआधी मी दुपारचं जेवायला बसत नसे. मेसेजमधला धप्प आवाज आठवड्याआठवड्याला जाड होत होता आणि त्याच्यावरून संगीत मात्र काही झालंच नाही असं पुढे जात होतं. आधी निदान उडालेल्या सुईवरून कळायचं की आज किती जवळ आलं. आता काहीच कळत नव्हतं. बँडवाला अंगठा दाखवायचा, मीही दाखवायचे.

होळीच्या आधीची गोष्ट. दुकानात खोकल्याच्या औषधासाठी एक आजोबा आले होते आणि त्यांना मागच्या वेळची लाल बाटलीच हवी होती. फोन वाजला, मामांचा मेसेज. मागोमाग बँडवाल्याचं आलं: सुई हलली नाही, क्या बात है. त्याने अर्धवट ऐकूनच लिहिलं असावं, तो लग्नाच्या वरातीत उभा होता. आजोबांना बाटली देऊन मी इयरफोन कानात घातला.

निळी तबकडी होती. येरझारा, मग सूप, मग ट्रम्पेट. भोंगा झाला. थोड्या वेळाने पुन्हा झाला. अंगणातून मामीचा आवाज आला, "अवो, बाहेर या. आज दोनदा वाजला." मामांचा आवाज अगदी जवळून, हळू, मेसेजमध्ये आपला आवाज येऊ नये म्हणून ते नेहमी बोलायचे तसा: "थांब. एवढं होऊ दे." मग धप्प. संगीताला धक्काही लागला नाही. ट्रम्पेट वर चढायला लागला, वाक्याच्या मध्यावर आला, आणि मेसेज संपला.

मी तो पुन्हा लावला. पुन्हा तिथेच संपला, सूर मधेच तोडून.  मामांना फोन लावला, वाजत राहिला. मामीला लावला. तिने लगेच उचलला आणि मी काही विचारायच्या आत मला तिच्या मागे ते ऐकू आलं. माणसांचा गलका, फावड्यांचे आवाज, आणि त्यातून स्वच्छ, सरळ चाललेला ट्रम्पेट.

"मामी, मामा कुठी हायेत?"

"खुर्चीवरच होते वं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, रडका नव्हता. "भित त्यायच्यावर आली, मयाल तेवढी वर अडून राह्यली. लोकं माती काढून राह्यले. काही बोलत नाहीत ते." मग नुसती फावडी आणि ट्रम्पेट ऐकू येत राहिले. तीही ते ऐकत होती.

"अन् हे अजून वाजूनच राह्यलं, बाई," ती म्हणाली. "जराबी नाही हाललं."