नापास शाई

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. ती गेली. आता घरात विचारणारं कुणी नाही, तरी लिहायला बसताना दार लोटून घेतलंय. कुणाला भितोय, देव जाणे!

लढाईची वर्षं होती. पारनेर तालुक्यातल्या एका गावात मी मास्तर होतो, सडाफटिंग. रॉकेल चिठ्ठीवर, कापड चिठ्ठीवर, पण दिवस — खोटं कशाला बोलू? — दिवस झकास होते. सकाळी शाळेच्या ओट्यावर उन्हाला बसावं, पोरांनी बोरू तासावेत आणि समोरच्या घरातून हुसेनभाईंच्या कढईचा वास यावा. हिरडा, हिराकस, बाभळीचा डिंक. हुसेनभाई शाई करायचे. त्यांचे वडील, आजा, सगळे तेच करत आले. शाई अशी, की धोतरावर सांडली तर धोतर विरेल पण डाग हटणार नाही. दिवाळीत व्यापारी वहीपूजनाला दौत भरून न्यायचे ती त्यांच्याकडूनच. आणि गंमत बघा, या माणसाला स्वतःला अक्षर येत नव्हतं! मी चिडवायचो, तर म्हणायचे, "समदं मलाच आलं तर तुमाला पगार कोन देईल, मास्तर?" मला हिवताप भरला तेव्हा आठ दिवस पेज त्यांच्या घरून आली होती. तो वास आजही आठवतो. पेजेचा नाही, शाईचा.

मग आली 'दादा छाप'.

स्कूल बोर्डाचे चेअरमन होते, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. जिल्ह्यातल्या मास्तरांच्या बदल्या त्यांच्या हातात. त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या शाईच्या पुड्यांचा कारखाना काढला. पुडीवर त्यांचाच फोटो, फेट्यासकट, खाली 'विद्येचे तेज'. घ्यायची सक्ती नव्हती, हं! लेखी तर मुळीच नव्हती. फक्त तपासणीला आलेले साहेब पोरांकडे बघायच्या आधी दौतीकडे बघत. कळायचं ते आम्हाला कळलं. पुडी पाण्यात कालवली की ओली असेतो काळीभोर, वाळली की करडी. हुसेनभाईंनी बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, ही शाई हाय का चिंचवनी?" आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो. तरी दौतींत तीच भरली. मीच भरली.

त्या वर्षी सातवीच्या फायनलला माझी अकरा मुलं पारनेरला बसली. परीक्षेनंतर पेपरांचे गठ्ठे मोटारीच्या टपावर होते आणि वाटेत वळीव कोसळला. बाकीच्या मास्तरांनी परीक्षेपुरती गुपचूप जुनीच शाई भरली होती, त्यांचे पेपर कसेबसे वाचता आले. माझ्या मुलांचे? नुसते करडे ओघळ. अकराच्या अकरा नापास. बोर्डाने माझ्याकडे खुलासा मागितला.

आणि मग दादासाहेब स्वतः आले. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून त्यांच्या मोटारीला मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवलेली. ती फुरफुरत शाळेपुढे थांबली. मोठा गोड माणूस. ओरडले नाहीत, धमकी नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शाई कुठली होती, एवढंच लिहा, मास्तर. गावात कुणीतरी घरी शाई करतं म्हणे?" मग सहज बोलल्यासारखं, "नगरला एक जागा रिकामी होतेय."

मला नगर हवं होतं. लग्न ठरत होतं. मी लिहिलं — शाई गावातील हुसेन या इसमाकडून घेतली होती.

एक ओळ. तुम्ही म्हणाल, झालं, हाच गुन्हा. हाच असता तर मी केव्हाच कुणाजवळ तरी बोललो असतो हो.

गावात ती ओळ वाऱ्यासारखी पसरली. हुसेनभाईंच्या शाईला लोकांनी नाव पाडलं — नापास शाई. मुलांना नापास करणारी शाई नव्या वहीला कोण लावणार? व्यापारी यायचे थांबले. कढई थंड पडली. पोरांचे बाप त्यांच्या दारावरून जाताना थुंकत. मी खिडकीतून बघत होतो.

एका दुपारी हुसेनभाई माझ्याकडे आले. हातात कोरा कागद, काखेत शाईची बाटली. 'इसमाकडून' असं कुणी लिहिलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोर्डातल्या कुणा कारकुनाचं काम, असं ते समजून होते. मी लिहीन, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"मास्तर, बोर्डाला अर्ज लिवा. पोरं माज्या शाईनं बसलीच न्हवती म्हनून लिवा. तुमी तितं हुता, तुमाला समदं ठाव हाय. आन् माज्याच शाईनं लिवा, म्हंजे सायबाला दिसंल."

मी बोरू घेतला. ते समोर मांडी घालून बसले, कौतुकानं माझ्या हाताकडे बघत. काय लिहायचं होतं मी? खरं लिहिलं तर माझी ओळ खोटी ठरत होती, नगर जात होतं, नोकरीही गेली असती. न लिहावं, तर ते दुसऱ्या कुणाकडे गेले असते. म्हणून मी लिहिलं. सांगू काय लिहिलं?

'माझ्या शाईत भेसळ झाली. त्यामुळे मुलांचे नुकसान झाले. चूक कबूल आहे. पुन्हा हा धंदा करणार नाही. माफी असावी.'

"वाचून दावा की," ते म्हणाले. मी वाचून दाखवलं — मुलं माझ्या शाईने बसली नव्हती, मास्तर साक्षीला आहेत. कागदावर डोळे ठेवून, न अडखळता. वर्गात पाठ म्हणावा तसं.

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या बाटलीत अंगठा बुडवला, कागदाच्या खाली दाबून उठवला आणि हळूच फुंकर घातली.

"लई झ्याक अक्षर हाय तुमचं," म्हणाले, आणि कागद जपून घडी घालून स्वतः टपालात टाकायला निघाले.