डावं मागचं चाक

आबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला होतो. आबा म्हणजे माझे वडील. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळीच गेली. पाय पुढं थोडा परत आला, काठी आणि माणूस दोन्ही धरून ओट्यापर्यंत येण्याइतका. वाचा आली नाही.

ज्यांनी आबांना आधी ऐकलं होतं त्यांनाच याचा अर्थ कळेल. फुलेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांची जीप वळली की ते तिथूनच आईला हाक मारायचे, "चहा टाक गं!" जीप दारात येईपर्यंत शेजारच्या दोन घरांतसुद्धा आधण चढलेलं असायचं. सरकारी खात्यात ड्रायव्हर म्हणून नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी लिलावात एक जुनी जीप घेतली. तिच्याशी, आमच्याशी, रस्त्यावरच्या म्हशींशी ते एकाच पट्टीत बोलत. आता त्यांच्याकडं तीन-चार शब्द उरले होते. "आयला" तेवढं स्वच्छ यायचं. "व्हय" यायचं, पण ते हो म्हणायलाही आणि नाही म्हणायलाही. जेवायला वाढू का, व्हय. ताट उचलू का, व्हय. बाकीचे शब्द कुठून कसे येत त्याचा काही नेम नव्हता. पाणी हवं असलं की "टेबल" म्हणत आणि आपणच कपाळावर हात मारत.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं होतं, त्यांना कितपत कळतं? ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. फारसं कळत नसावं." मी आकड्यांचा माणूस. स्टोअरमध्ये ज्याची खात्री नाही तो माल शून्य धरतात. इथंही तेच धरलं.

त्यामुळं घरातलं सगळं बोलणं त्यांच्या पलंगापाशीच व्हायचं. पलंग बाहेरच्या खोलीत होता आणि घरात बसायची जागा तेवढीच. आई तिथंच भाजी निवडायची, धाकटा भाऊ तिथंच पेपर वाचायचा, माझी बायको आणि मी तिथंच महिन्याचा हिशेब करायचो. भावाचं लग्न ठरत होतं. वर दोन खोल्या काढायच्या होत्या. वाळू, सिमेंट, सळई यांचे भाव मी काढून आणले होते. ते वाचून दाखवताना मी म्हणालो होतो, "काम आत्ता नको काढायला. आबांचं झाल्यावर बघू." हे मी त्यांच्या उशापासून एका हातावर बसून बोललो. आबा छताकडं बघत होते.

जीप कुणीच चालवत नव्हतं. मला आणि भावाला मोटारसायकल पुरायची. पूर्ण पावसाळा ती अंगणात उभी राहिली. शेवटी गारगोटीच्या एका पावण्यांनी ती वडापसाठी मागितली. तिकडं वाडीवाडीला माणसं भरून न्यायला त्यांना गाडी हवीच होती. सौदा ठरला. रविवारी दुपारी ते येणार होते, आणि रविवारी सकाळी आम्ही बघितलं तर डावं मागचं चाक पूर्ण बसलेलं. स्टेपनीतही हवा नव्हती. चाक काढून पंक्चरवाल्याकडं न्यायचं एवढंच काम होतं.

आईनं आबांना ओट्यावर खुर्चीत आणून बसवलं. जीपची डावी बाजू ओट्याकडंच होती. त्यांच्यापासून चाक चार पावलांवर.

मी आयुष्यात त्या जीपचं एकच चाक बदललं होतं, उजवं पुढचं, तेही आबा शेजारी उभे राहून शिव्या देत असताना. एरवी ते कुणाला हात लावू देत नसत. तेव्हा शिकलो होतो की पाना डावीकडं फिरवला की नट सुटतो. तसा लावला. नट जागचा हलला नाही. पाच नट होते. पाचही करून बघितले.

"दादा, पाना धरलाईस का पळी?" भाऊ ओट्यावरून म्हणाला. "आमटी ढवळायची न्हाई तुला."

"मग तू ये की खाली."

तो आला. त्यानंही जोर लावला, तोंड लाल झालं, नट तसाच. मी नटांवर रॉकेल सोडलं आणि चहा होईपर्यंत थांबलो. मग तीन फुटांचा पाइप आणून पान्याच्या दांड्यात घातला. दांडा लांबला की जोर तेवढ्या पटीनं वाढतो, हे भावाला समजावून सांगत होतो.

"हिशेब पुरे," तो म्हणाला आणि सरळ पाइपवर उभा राहिला.

आबा खुर्चीत हलायला लागले. "उ..." म्हणाले. मग पुन्हा, "उ, उल..." चेहरा ताणला गेला, मानेच्या शिरा वर आल्या. आणि शब्द आला, "उलटी!"

"अगं बाई," आई म्हणाली. "उलटी येतीया त्यास्नी. सकाळी पोहे दिलतं, तेच बाधलं वाटतं." ती आत पळाली आणि घमेलं घेऊन आली. बायको पाठोपाठ पाणी आणि टॉवेल घेऊन. आई घमेलं आबांच्या हनुवटीखाली धरून बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. आबांनी डाव्या हातानं घमेलं ढकललं. तिनं परत धरलं. त्यांनी परत ढकललं आणि ओरडले, "उलटी! उलटी! आयला!"

"व्हय व्हय, हू दे, घाबरू नका," आई म्हणाली.

एवढ्यात भावाच्या वजनानं कड्‌ असा आवाज झाला. पाइप खाली आला, भाऊ बसकण मारून पडला. मला वाटलं, सुटला. बघितलं तर बोल्टच तुटला होता, नटासकट.

आबांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी केलं ते असं. आईच्या हातातल्या घमेल्याच्या काठावर डावा हात ठेवला आणि घमेलं तिच्याच हातात फिरवलं. उजवीकडं. परत जागेवर आणलं, परत उजवीकडं फिरवलं. हे करताना ते आईकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

"काय करताय हो?" आई म्हणाली.

मी पाना काढला, दुसऱ्या नटावर बसवला आणि उजवीकडं जोर लावला. पाइपची गरज पडली नाही. एक कुरकूर झाली आणि नट सुटला. मग उरलेलेही सुटले.

गॅरेजवाले ज्याला उलटी चुडी म्हणतात ती ही. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना आटे उलटे असतात. गाडी पुढं पळताना नट आपोआप ढिले पडू नयेत म्हणून. आम्ही सकाळपासून ते नट आवळत बसलो होतो. आबा आम्हाला तेच सांगत होते आणि आम्ही त्यांच्यापुढं घमेलं धरत होतो.

भाऊ हसायला लागला. आबाही हसले, त्यांच्या तोंडाच्या एका बाजूनं. मी मात्र स्वतःला म्हणालो, एकदा योगायोग असू शकतो. खुर्चीत बसून माणूस हात कुठंही फिरवतो.

नट सुटले, जीप जॅकवर उचलली, तरी चाक निघेना. पावसात उभं राहून ते ड्रमला गंजून चिकटलं होतं. ओढलं, हलवलं, लाकडाचा ठोकळा लावून हातोडी मारली. आबा बघत होते. मग त्यांनी चांगला पाय उचलला आणि टाच फरशीवर आपटली. थांबले, आणि बोटांनी हवेत एक गोल काढून पुन्हा आपटली. या वेळी भाऊच आधी समजला. तो जीपकडं पाठ करून उभा राहिला आणि टायरच्या खालच्या कडेला टाचेची लाथ घातली, मग चाक फिरवून दुसऱ्या कडेला, मग तिसऱ्या. तिसऱ्या लाथेला चाक निसटलं आणि अंगणात आडवं झालं.

कुणी हसलं नाही. आई घमेलं मांडीवर घेऊन बसली होती. बायको दारात उभी होती, ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. आम्हा दोघांनाही तेच आठवत होतं. वाळू, सिमेंट, सळई, आणि माझं ते "झाल्यावर". भावाला त्याचं काहीतरी आठवत असणार. एकदा तापाच्या रात्रीनंतर तो त्याच खोलीत म्हणाला होता, असं पडून राहण्यापेक्षा सुटलेलं बरं. आणि आबा छताकडं बघत पडले होते.

दुपारी गारगोटीचे पावणे आले. तुटलेल्या बोल्टाचं सांगितलं, ते म्हणाले चालतंय. मग ओट्याकडं बघून म्हणाले, "थोरल्यास्नी इचारलंय न्हवं?"

सकाळपर्यंत हा प्रश्न आमच्या डोक्यातही आला नव्हता. मी आबांजवळ गेलो. "आबा, जीप विकू का?"

"व्हय."

उलटं करून विचारलं. "ठेवू का?"

"व्हय."

आबांनीच माझ्या हातातली किल्ली ओढून घेतली. बराच वेळ मुठीत धरली. मग हात लांब केला आणि पावण्यांपुढं उघडला. पावण्यांनी वाकून पाया पडून किल्ली घेतली. जीप गल्लीच्या तोंडाला जाऊन वळेपर्यंत आबांची मान तिकडंच होती.

त्या दिवसापासून घर बदललं. आम्ही त्यांच्यासमोर हिशेब करणं सोडलं. दवाखान्याचं काही बोलायचं असलं की मी आणि भाऊ अंगणात जायचो. लग्नाची बोलणी स्वयंपाकघरात, दार ओढून. बाहेरच्या खोलीत गेलं की आम्ही आवाज खाली आणायचो आणि त्यांना नीट, सावकाश विचारायचो: आबा, बरं वाटतंय का, आबा, पंखा लावू का. हे आम्हाला आदराचं वाटत होतं. आबा दिवसभर दाराकडं तोंड करून पडायचे. अंगणात आमची कुजबूज सुरू झाली की मान उचलायचे.

आईला ते पहिल्यांदा कळलं. एकदा आम्ही दोघं अंगणात उभे असताना ती बाहेर आली.

"काय चोरावानी कुजबुजताय? आत या. त्यांच्यादेखत भांडा. ते काय बी बोलायचे न्हाईत, पर आईकत पडायचे, तेवढंच हुतं त्यांच्याजवळ. ते बी काढून घेतलासा की रं तुम्ही."

आम्ही आत गेलो. पलंगाशेजारी पूर्वीच्या जागी बसलो. भावानं पेपर उघडला. मी वीजबिलाचं काहीतरी बोललो, बायकोनं उत्तर दिलं. आबा आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघत होते. प्रत्येक वाक्य मी आधी मनात बोलून बघत होतो, यात त्यांना लागण्यासारखं काही नाही ना. भाऊही तेच करत असावा, कारण तो अडखळत होता. असं आम्ही पुढं रोज केलं, ते होते तोवर. आई मात्र भाजीवालीशी झालेलं भांडण त्यांना सगळ्या हातवाऱ्यांनिशी सांगायची, आणि त्यांचं तोंड एका बाजूनं हसायचं. आमचं बोलणं सुरू झालं की थोडा वेळ ऐकायचे आणि भिंतीकडं वळायचे.