नातायाच्या चिठ्ठीतली नावं

मी केनवड सोडलं त्या सकाळी माय गाडीच्या मागं शिवेपर्यंत चालत आली. गाडीत बस म्हटलं तर बसेना. तळहातावर दही ठेवलेलं ते मी केव्हाच चाटून टाकलं होतं, पण हात पुसायची हिंमत होत नव्हती. मालेगाव, मेडशी, पातूर करत अकोल्याला आगगाडी धरायची होती आणि गाडीवान उगाच बैलांवर खेकसत होता. शिवेवरच्या बाभळीपाशी ती थांबली.

"कधी येशीन?" तिनं विचारलं.

"हंगाम सरला का येतो," मी म्हटलं.

आमच्याकडं कपाशीचा हंगाम म्हणजे माघापर्यंत. शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटल्या, की संपलं. तिनं मनातल्या मनात माघ धरला. मीही तोच धरला होता, खोटं सांगत नाही. कराचीत गोऱ्या साहेबाच्या रुईच्या पेढीवर पोचल्यावर कळलं की तिथला हंगाम साहेबाचा असतो. सिंध-पंजाबातली रुई जेठापर्यंत बंदरावर येतच राहते. आणि जेठ संपला की इकडं आपला पाऊस. मग अकोल्यापासून केनवडपर्यंत काळ्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत रुततं, ओढे भरतात, वाटच बंद. म्हणजे वाट मोकळी तेव्हा रजा नाही आणि रजा मिळते तेव्हा वाट नाही. हे गणित मी वीस वर्षं मांडलं. ते कधी सुटलं नाही.

तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना वाटतं, संपत मजेत आहे, समुद्राची हवा खातो. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना काही सांगायला नको. माझं काम एवढंच होतं: गठडीतून चिमूटभर रुई काढायची, दोन अंगठ्यांत ओढायची आणि धागा किती लांब ते सांगायचं. हे मला मायनंच वेचणीच्या वेळी शिकवलं होतं. साहेब त्यासाठी पगार देत असे, याचं तिला मरेपर्यंत हसू येई.

घरात तेव्हा अडतीस माणसं. लिहिता येणारा एकच, माझा चुलतभाऊ नामदेव, तो वाशीमला शाळामास्तर. दिवाळीत त्याला सासरवाडीची ओढ, उन्हाळ्यात घरची लग्नं. उरली नाताळची सुट्टी. तो घरी आला की पहिल्याच दिवशी सगळे त्याच्याभोवती बसत आणि वर्षभराच्या बातम्या एका पत्रात घालत. माय त्याला 'नातायाची चिठ्ठी' म्हणे. आमच्या गावात नाताळ म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. नाताय म्हणजे संपतला चिठ्ठी जायचा सण, एवढंच.

ती मला इंग्रजी नव्या वर्षाच्या सुट्टीला मिळे. वर कोपऱ्यात वैनीनं लावलेलं कुंकू. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, घर तिच्याच जिवावर चालायचं. आत सगळी गर्दी. कपिलेला गोऱ्हा झाला. धाकट्या काकानं तिसरं लग्न केलं आणि तीही माहेरी निघून गेली. दोन चुलत्या चिंचेच्या झाडावरून चार महिने बोलत नव्हत्या, आता बोलतात पण चिंच मेली. विहिरीला पाणी लागलं, खारं निघालं. आणि शेवटी यादी: मोठेबाबांचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा, आशीर्वाद, मायचा आशीर्वाद, काकांचा, काकूचा, असं वयानं उतरत उतरत पाळण्यातल्या पोरापर्यंत.

मी पत्र उलटं वाचत असे. आधी यादी. त्याचं कारण सांगतो.

आपल्यात मौतीचं कार्ड वेगळं असतं. त्याचा कोपरा फाडलेला असतो, ते घराबाहेर उभं राहून वाचायचं आणि वाचून फाडून टाकायचं. कराचीत गेलो त्याच वर्षी मला तसं एक कार्ड आलं होतं, माझ्या बाबांचं. मी ते गोदामाच्या दारात वाचलं आणि तिथंच गठड्यांवर बसून राहिलो. आजूबाजूला सगळे सिंधी-पठाण हमाल. कुणी पाणी आणून दिलं, पण कशाचं पाणी ते त्यांना ठाऊक नव्हतं. हे मी पुढं कधीतरी पत्रात लिहिलं. ते ऐकून मायनं सगळ्या घराला बजावलं, "आता त्याले कोपरा फाटलेलं कार्ड धाडू नोका. तिथं कोन धरन त्याले?"

मग मेलेल्याचं कळवायचं कसं? कुंकवाच्या चिठ्ठीत तर मौत लिहीत नाहीत. तेव्हा असं ठरलं की लिहायचंच नाही. जो गेला त्याचं नाव यादीत घालायचं नाही. संपत समजून घेईल. मीही उत्तरात त्याबद्दल काही लिहायचं नाही, कारण माझं पत्र पोरासोरांत मोठ्यानं वाचलं जाई. मी फक्त 'सर्व मजकूर समजला' असं लिहायचं.

मानमोडीच्या साथीच्या वर्षी यादीत सात नावं नव्हती. मी बोट ठेवून तीनदा वाचली. वर मजकुरात मात्र गाय व्यायली, तूर बरी आहे, सगळं खुशाल. तोवर बायकोही कराचीत आली होती. ती म्हणाली, "असं कसं हो तुमच्या घरचं?" मी तिच्यावर चिडलो. पातूरची ती, तिच्या घरचे कोपरा फाडणारे.

त्यानंतर पाचेक वर्षांनी यादीत मोठेबाबांच्या नावाखाली सरळ काकांचं नाव आलं. मधली माय नव्हती.

मी पान उलटून पाहिलं. उजेडाला धरून पाहिलं. मग बाहेर जाऊन उभा राहिलो. आईबापाचं सुतक कधीही कळलं तरी दहा दिवसांचं. मी डोकं भादरलं, समुद्रावर जाऊन एका मराठी भटजीकडून जमलं तसं उरकलं. तो विचारी, तिथी कोणती? मला तिथी माहीत नव्हती. साहेबाकडं रजा मागायला गेलो, तर त्यानंही तेच विचारलं, "कब मरा?"

"मालूम नहीं, साहेब."

"तो फिर जल्दी किस बात की?"

त्याचंही खरंच होतं. बंदरात चार बोटी उभ्या होत्या आणि माझी माय कधी मेली ते मला माहीत नव्हतं. मी परत जाऊन रुई ओढायला बसलो. त्या दिवशी मी सगळ्या गठड्या एकाच लांबीच्या सांगितल्या. घरी पत्र टाकलं: सर्व मजकूर समजला.

एक वर्ष मी बिनआईचा राहिलो. केस पुन्हा आले, पोरगा चालायला लागला, वर्षश्राद्ध कधी घालायचं म्हणून बायको विचारत राहिली. आणि मग पुढच्या नाताळची चिठ्ठी आली. मोठेबाबांचा आशीर्वाद. मायचा आशीर्वाद.

मला आधी राग आला, नामदेवचा. मास्तर होऊन एवढं नाव लिहायला विसरतो? मग हसायला आलं, मग रडायला. बायकोनं यादी स्वतः वाचली आणि म्हणाली, "आता तरी जा." मी बिनपगारी रजा घेतली आणि चैतात घरी पोचलो.

माय ओसरीवर सरकी निवडत होती. उठली नाही. माझ्या डोक्याकडं बघत म्हणाली, "केस बरे आले."

"माय, नामद्यानं तुहं नाव गाळलं कसं?"

"त्यानं नाही गाळलं. म्या सांगतलं."

"काहून?"

तिनं सुपातली सरकी सारखी केली. "आठ वर्सं झाले होते तुले पाहून. सांगावे धाडले, नवस केले. अखीन काय होतं माह्यापाशी? म्हटलं, मेली म्हनून तरी येईन." मग म्हणाली, "मेली तवा नाही आला, अन् जिती झाली तं आला."

मी साहेबाचं सांगितलं, बोटींचं सांगितलं, तिथीचं सांगितलं. ती ऐकत होती. नंतर विहिरीवर वैनीनं मला सगळं सांगितलं. माझं 'मजकूर समजला' आलं तेव्हा मायनं ते वाचायला वाशीमहून आलेल्या नामदेवला विचारलं होतं, "मंग येते का?" तो म्हणाला, तसं लिहिलं नाही. तरी माय त्या वर्षी फाल्गुनापर्यंत रोज दुपारी शिवेवरच्या बाभळीपाशी जाऊन बसत असे. गवत कापायला जाते म्हणे. इळा घरीच असायचा.

निघताना मी तिला शब्द दिला. "आता यादीत तुहं नाव नसलं का मी निघालोच समज. हंगाम असो का काई असो."

"खरं?"

"खरं."

"नाई तं पुन्हा भादरून बसशीन," ती म्हणाली आणि हसली. बोळकं झालेलं होतं तिचं.

पुढं सात वर्षं तिचं नाव येत राहिलं. मोठेबाबांचं नाव गळलं, तेव्हा ती यादीत सगळ्यांत वर गेली. मी दर वर्षी म्हणायचो, यंदा उन्हाळ्यात जाऊ. दर वर्षी काहीतरी निघायचं, ते सांगत बसत नाही. तुमच्यातल्या बाहेर गेलेल्यांना ठाऊक आहे काय निघतं ते.

आठव्या वर्षी चिठ्ठी आली आणि यादी काकांच्या नावापासून सुरू झाली.

मी हसलो. देवाशपथ सांगतो, मी हसलो. बायकोला म्हटलं, "म्हातारीनं बोलावलं. रुसली पुन्हा." तिचा चेहरा उतरला. "आणि खरंच असलं तर?" मी म्हटलं, "एकदा फसलो, आता नाही फसत." साहेब म्हणाला, गेलास तर जागा राहणार नाही. मी म्हटलं, नको राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं बोललो आणि छाती कशी रुंद वाटली. बाजारातून हलवा घेतला, खजूर घेतला, तिच्यासाठी एक मऊ लाल शाल घेतली. गाडीत चार दिवस ती शाल मी उशाला घेतली नाही, चुरगळेल म्हणून.

अकोल्याहून तोवर मोटार सुरू झाली होती. मेडशीला मोटार थांबली तिथं चहा पिता पिता मी परक्या माणसांना माझ्या मायची गंमत सांगितली, जिवंतपणी मेल्याचं कळवणारी बाई म्हणून. ते खूप हसले. मालेगावला उतरून केनवडची गाडी धरली. गाडीवान गावचाच होता. मी बोलत होतो, तो बैलांकडं बघत होता. मला वाटलं, मायनं यालाही सामील केलंय.

बाभळीखाली कोणी नव्हतं. म्हटलं, घरात लपून बसली असेल.

वैनी अंगण सारवत होती. मला बघून ती उठली, हात शेणानं भरलेले तसेच.

"भाऊजी, हासून काहून राह्यले तुमी?" ती म्हणाली. "चिठ्ठी नाही भेटली का?"

"भेटली म्हनून तं आलो. कुठं हाय माय?"

वैनीनं भरल्या हातांनीच माझ्या हातातलं बोचकं काढून घेतलं. मग मला समजलं.

कार्तिकात, वेचणी चालू असताना, तीन दिवस ताप आला. तिसऱ्या दिवशी ती वैनीला म्हणाली, "नामदेवले सांग, माहं नाव काढ. येईन आता तो." आपण जाणार हे तिला कळलं होतं, की मला बोलवायचं होतं, ते वैनीलाही ठाऊक नाही. मी खूप विचारलं. वैनी म्हणाली, "तिले तरी ठाव होतं का?" हलवा पोरांनी खाल्ला. शाल कुणी अंगावर घेईना, तेव्हा मी ती परत आणली. आजही थंडीत तीच पांघरतो.

कराचीत दुसऱ्या पेढीत कमी पगारावर जागा मिळाली. नामदेव पेन्शनीत निघाला, तरी चिठ्ठी नाताळालाच लिहितो. यादीतली निम्मी नावं आता मी पाहिलेली नाहीत. कुणाची तरी सून, कुणाचा तरी नातू. ते मला नमस्कार लिहितात आणि मी त्यांना आशीर्वाद. आमची गाठ कधी पडायची नाही. घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी केनवड सांगतो, पण माझं घर म्हणजे ती यादी आणि त्यात दुसऱ्या ओळीवर असलेली एक जागा, एवढंच होतं हे मला उशिरा कळलं.

आता पुन्हा लढाई लागली आहे आणि माझा मुलगा सैन्यात कारकून होऊन मिसरला गेला आहे. तीन वर्षं झाली. तोही लिहितो की काम सरलं की येतो. आमच्या घरची रीत त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. काल मी त्याला नाताळची चिठ्ठी लिहिली. बायकोनं कोपऱ्यात कुंकू लावलं. बातम्या लिहिल्या, त्याच्या बहिणीला मुलगी झाली, नळाला पाणी कमी येतं. मग यादीशी आलो आणि थांबलो. पहिलं नाव माझं.

गाळावं का, असं मनात आलं. येईल कदाचित. सैन्यातून कोण सोडतो म्हणा, पण बापासाठी सोडतीलही. मी बराच वेळ टाक हातात धरून बसलो. बायको न्याहाळत होती.

आणि नाहीच आला तर? तो तिकडं डोकं भादरून पुन्हा कामाला बसला, आणि मी इथं रोज दुपारी बंदरावर जाऊन बसलो, तर? मायनं ते एक वर्ष काढलं. माझ्यानं नाही निघायचं.

मी नाव लिहिलं.