भिशीची दुर्बीण

तिमाऊच्या बाजारात खाटकाच्या दुकानाला लागून कनानूचा फोटो स्टुडिओ आहे. आत एक स्टूल, एक पांढरा पडदा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. दोरी नव्हती तेव्हा तीन कंगवे चोरीला गेले. आसपासच्या निम्म्या लोकांच्या ओळखपत्रावरचे चेहरे त्या स्टुलावरूनच गेलेले आहेत. समोरच्याने अंग ताठ केले की कनानू म्हणते, "श्वास धरा हो, जीव नका धरू." माणूस हसतो आणि तेवढ्यात ती बटण दाबते.

वय त्रेपन्न. नवरा वारला त्याला नऊ वर्षे झाली. मुलगी किन्या मोंबासाला नर्स आहे, म्हणून गाव हिला किन्याची आई म्हणते. घरोघरी फोन आले तसा स्टुडिओचा धंदा बसला. मग लग्नांवर भागू लागले. अशाच एका लग्नात वरात उशिरा आली आणि ऐन वेळी वीज गेली. कनानूने कॅमेरा तिवईवर ठेवला, मांडवाचा एक फोटो अर्धे मिनिट उघडा ठेवून घेतला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघते तर मांडव कुठल्या कुठे राहिला. त्याच्यामागे आभाळच सगळे उतरून आलेले. साध्या डोळ्यांना दिसत नव्हते तेही त्यात होते. मृगातल्या तीन ताऱ्यांखाली एक गुलाबी डाग होता. तिला वाटले भिंगावर लिपस्टिक लागली. पुसून पुन्हा फोटो घेतला. डाग तिथेच.

त्या डागाने ही बाई वेडी केली. तो जवळून कसा दिसतो, एवढेच तिला बघायचे होते आणि त्याचा धड फोटो काढायचा होता.

आता भिशीचे सांगते. भिशी बारा बायकांची. जिची पाळी तिने त्या पैशांतून वस्तू घ्यायची आणि पंधरा दिवसांनी सगळ्यांना घरी बोलावून दाखवायची, असा नियम. कपडालत्ता चालत नाही, नवऱ्याची उधारी चालत नाही. गाय, पाण्याची टाकी, पत्रे, शिलाई मशीन असले काही हवे. बायका येतात, गाईचे दात बघतात, टाकीवर बुक्क्या मारतात, चहा-चपाती खातात आणि चेअरमनबाईने "पाहिली" म्हटले की झाले. तिने नाही म्हटले तर वस्तू विकायची आणि भिशी सांगेल ते घ्यायचे. चेअरमनबाई म्हणजे करविथा. तिने एकदा आपल्या सख्ख्या नणंदेची गाय परत पाठवली होती, एक सड आटलेला म्हणून.

कनानूची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी धरले होते की ही टाकी घेणार. ती निघाली नैरोबीला, दुर्बीण बघायला. सोबतीला शेजारीण न्किरोते. तिला नैरोबीची हौस आणि कनानूच्या फजितीची त्याहून जास्त.

दुकानात एक लालभडक नळी उभी होती, माणसाच्या मांडीएवढी जाड. विकणारा पोरगा म्हणाला, "आई, हीच घ्या. सहाशे पट मोठं दिसतं. तुमच्या पैशांत बरोबर बसते."

कनानूने नळीकडे पाहिलेच नाही. खाली वाकून पायांकडे पाहिले. पाय पत्र्याचे, बोटभर जाडीचे. तिने नळीला हलकेच टिचकी मारली आणि डोळा लावला. समोरच्या इमारतीवरची पाटी थरथरू लागली. हिने श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, तरी पाटीची हुडहुडी जाईना.

"सहाशे पट मोठं दिसतं म्हणजे थरथरही सहाशे पट की रे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्या मुली खुर्चीवर नीट बसतात तेव्हा कुठं मला त्यांचा फोटो मिळतो. ह्या नळीला बसायला खुर्ची कुठाय?"

"अहो, पाय काय बघता, नळी बघा!"

"पाय बघूनच माझी तीस वर्षं गेली, बाळा."

दुर्बीण ज्यावर बसते आणि आभाळाबरोबर हळूहळू फिरते त्या बैठकीला माउंट म्हणतात. तारे सरकतात, म्हणून फोटो काढायचा तर बैठकीनेही तसेच सरकायला हवे. तेव्हा पैसे आधी बैठकीवर घालायचे आणि उरतील त्यात नळी, हे कनानूने मनाशी ठरवले आणि रिकाम्या हाताने परतली. न्किरोतेने बसमध्ये तिच्याशी बोलणे टाकले, कारण चिकन खायला थांबायचे राहून गेले.

मग आठवड्याभरात पेट्रोल पंपावर चिठ्ठी दिसली. फुलांच्या मळ्यातला डच इंजिनिअर कायमचा घरी चालला होता आणि सामान विकत होता. त्यात एक बैठक होती. लोखंडी, मोटर लावलेली, उचलताना बोकडाएवढी जड. कनानूने टिचकी मारली. बैठक हूं की चूं नाही. "चालते का?" तिने विचारले. तो म्हणाला, "माझ्या देशात चालत होती. इथे उघडलीच नाही. पहाटे पाचला गुलाब मला उठवतात." भिशीतले पाऊण पैसे त्या बैठकीत गेले. उरलेल्यात त्याचीच एक लहानशी दुर्बीण मिळाली, कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीची.

न्किरोते कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढ्या पैशांत एवढीशी? माझ्या चुलीची फुंकणी हिच्याहून लांब आहे गं!"

पंधरा दिवसांनी बायका आल्या. चहा झाला, चपात्या झाल्या. अंधार पडल्यावर कनानूने अंगणात बैठक मांडली, डचाने दिली होती तशीच, जिथला स्क्रू तिथे. फोनमधले होकायंत्र बघून उत्तरेला तोंड केले, मोटारसायकलची बॅटरी जोडली, दुर्बिणीच्या मागे आपला लग्नातला कॅमेरा अडकवला आणि दोन मिनिटांचा फोटो घेतला.

बायका पडद्यावर वाकल्या. एकही तारा गोल नव्हता. सगळ्यांच्या लांब लांब रेघा.

"हे तारे आहेत की कोबीतल्या अळ्या?" न्किरोतेने विचारले.

"दूध किती देते?" मागून कोणीतरी म्हणाले आणि अंगण हसून लोळले. कनानूही हसली, पण तिचे कान तापले होते.

करविथा हसली नाही. ती बैठकीभोवती एक फेरी मारून आली, गाईभोवती मारते तशी. "किन्याची आई, तू वाईट बाई नाहीस, म्हणून सांगते. पुढच्या महिन्याच्या भिशीपर्यंत थांबते. तारा ताऱ्यासारखा दाखव. नाहीतर हे विकायचं आणि टाकी घ्यायची. पन्नाशी उलटली, अजून डोक्यावरून पाणी आणतेस."

"दाखवीन," कनानू म्हणाली. कसे, ते तिला ठाऊक नव्हते.

चार रात्री तिने खटपट केली. अळ्या कधी आखूड झाल्या, कधी लांब, पण अळ्याच राहिल्या. पाचव्या रात्री तिने बैठकीचा नाद सोडला आणि स्वतःला येते ते केले. नुसता कॅमेरा तिवईवर ठेवला, उत्तरेला तोंड करून, इसिओलोच्या मैदानाकडे जमीन उतरत जाते तिकडे. तासभर फोटो घेत राहिली आणि मग ते एकावर एक ठेवले. ताऱ्यांच्या रेघांच्या कमानी झाल्या, एकीच्या आत एक. आभाळ जात्यासारखे फिरताना दिसले. आणि त्या जात्याचा खुंटा कुठे? वर आभाळात नाही. खाली, थेट मैदानाच्या काठावर, जिथे जमीन संपते तिथे.

कनानूने कंदील उचलला आणि बैठकीकडे गेली. बैठकीचा आस वर बघत होता, अर्ध्या आभाळाकडे. कडेला अंशांची पट्टी होती आणि काटा बावन्नावर. इतके दिवस तिला तो कारखान्याचा नंबर वाटत होता.

"अगं बाई," ती अंधारात एकटीच म्हणाली, "ही अजून हॉलंडमध्येच उभी आहे की!"

डचाच्या गावी तो खुंटा बावन्न अंश वर असतो. आणि तिमाऊ म्हणजे पृथ्वीचे पोट. मोठ्या रस्त्यावर विषुववृत्ताची पिवळी पाटी आहे, तिच्याखाली उभे राहून पाहुणे फोटो काढतात, कित्येकांचे कनानूनेच काढलेले. इथे आसाला आडवेच निजायला हवे. तिने स्क्रू सैल करून काटा खाली आणायला घेतला. चाळीस. तीस. वीस. आणि खट्. विसाच्या खाली बैठक जाईचना. बनवणाऱ्याच्या मनातही आले नसणार की इतक्या खालीही माणसे राहतात आणि आभाळाकडे बघतात.

सकाळी ती मुथोमीकडे गेली. मुथोमी वेल्डिंगवाला, रस्त्याकडेला उन्हात बसून फाटके, हातगाड्या, कोंबड्यांचे पिंजरे जोडतो. काळा चष्मा कपाळावर सरकवून त्याने बैठक उलटीसुलटी केली.

"आई, ही कुठल्या जनावराची मान?"

"मान वाकत नाही तिची. वीसवर अडते. मला सपाट हवी."

"मग मान कशाला वाकवता? खांदाच वाकवू." त्याने काडीने मातीत रेघ ओढली. "खालची पाटी मी वीस अंश तिरकी जोडतो. ही वीस वर, ती वीस खाली. बेरीज झाली सपाट."

कनानू त्या रेघेकडे बघत राहिली. "पण हिची ती तीन पायांची तिवई? दुर्बिणीचा तोल धरणारं खालचं वजन फिरताना पायाला थडकतं."

"पाय कापून टाका. बोअरवेलचा जाड पाईप आहे माझ्याकडे. अंगणात गाडू, आत वाळू भरू. हत्ती टेकला तरी हलणार नाही."

"आणि उत्तर? फोनचं होकायंत्र लोखंडाजवळ आलं की पिसाळतं."

"गवंडी काय करतो? ओळंबा सोडतो. दुपारी सावली सगळ्यात आखूड झाली की तीच रेघ. माझी आजी घर बांधताना असंच करायची, तिच्याकडं कुठं फोन होता!"

दोन दिवसांनी मुथोमी हातगाडीवर पाईप घेऊन आला. पहिल्यांदा पाटी उलट्या बाजूने तिरकी जोडली गेली होती. बैठक चाळीस अंश आभाळाकडे तोंड करून बसली आणि कनानू इतकी हसली की मुथोमीही रागवायचे विसरला. परत नेली, कापली, जोडली. पाईप गाडला. दुपारी ओळंब्याची दोरी टांगून दोघे सावलीकडे टक लावून बसले, चहाचा कप मातीत ठेवून. सर्वांत आखूड सावली पडली तिथे मुथोमीने खिळ्याने जमिनीवर रेघ मारली आणि पाईपावरच्या बैठकीचे तोंड त्या रेघेच्या दिशेने वळवले. मग खिशातून पाणसळ काढून बैठकीच्या पाठीवर ठेवली. काचेतला बुडबुडा डावीकडे गेला, उजवीकडे आला आणि मध्ये थांबला.

"झालं?" कनानूने विचारले.

"झालं. मी आयुष्यभर पायऱ्या सपाट करतोय. पण आभाळासाठी पाणसळ पहिल्यांदा लावली."

कनानूला तेव्हा उमगले. जगभरची माणसे ह्या बैठका लावताना अंश मोजतात, पट्ट्या बघतात, कुठला तारा कुठे म्हणून शोधतात. तिमाऊत गवंड्याची पाणसळ पुरते. आपलेच गाव सगळ्यात सोपे होते आणि आपल्यालाच ठाऊक नव्हते!

दुसऱ्या भेटीच्या दिवशी चंद्र नव्हता, पण डोंगराकडून ढग आले. बायका शाली गुंडाळून बसल्या. न्किरोते म्हणाली, "टाकी घेतली असतीस तर ढग बघून नाचली असतीस." साडेसातला वारा फिरला आणि ढग पडदा ओढावा तसे बाजूला झाले. मृग नेमका डोक्यावर होता.

कनानूने दुर्बीण लावली. बटण दाबले. करविथा पुढे सरकली, बैठकीवर बुक्की मारायला हात उचलून.

"हात लावू नका!" कनानू ओरडली. चेअरमनबाईवर आजवर कोणी ओरडले नव्हते. करविथा हात तसाच हवेत धरून उभी राहिली. दोन मिनिटे.

पडदा उजळला. तारे गोल होते, सुईने टोचल्यासारखे. आणि मधोमध तो डाग. डाग कुठला, पंख पसरलेले काहीतरी होते, गुलाबी, कडेला जांभळे, आतून दिवा लावल्यासारखे. इतकी वर्षे कनानूने लोकांचे चेहरे बघितले होते, पण असे आपल्याकडे बघणारे काही तिने पाहिले नव्हते.

बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकल्या. मग करविथाने हात खाली घेतला.

"हे खरंच वर आहे? का तू रंग भरलास? माझ्या पासपोर्टच्या फोटोत गालावरचा व्रण पुसलास तसा?"

"तुम्ही काढा," कनानू म्हणाली. "हे बटण. एकदाच दाबायचं आणि मागं व्हायचं."

करविथाने शालीला बोट पुसले, दाबले आणि चार पावले मागे जाऊन उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी हात मागे बांधून. दोन मिनिटांनी तेच पंख पुन्हा उमटले. तिने पडद्याशी डोळे नेले, मागे झाली, पुन्हा वाकली.

"पाहिली," ती म्हणाली.

मग जी किलकारी उठली ती खाटकाच्या घरापर्यंत गेली. तो काय झाले म्हणून सुरा घेऊनच धावत आला. न्किरोते सगळ्यात मोठ्याने ओरडत होती, जणू बैठक तिनेच निवडली होती. कनानूने शालीत तोंड लपवून डोळे पुसले, मग सरळ उभी राहिली आणि लग्नाच्या वऱ्हाडाला ओरडते तशी ओरडली, "रांगेत या! ढकलाढकली नको! पाईपापासून लांब!"

त्या रात्री अकरा बायकांनी अकरा फोटो काढले. डाग एकच, तारे तेच. तरी घरी जाताना प्रत्येकीला वाटत होते की आपलाच सगळ्यात चांगला आला, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला कनानूने तसेच सांगितले.