धावड्याच्या सुभानदादाला आम्ही नारळ दिला

मंडळी, धावड्याचा सुभानदादा आज कबड्डीतला शेवटचा सामना खेळला, तोही आमच्याच मैदानावर. या माणसानं आम्हाला वर्षानुवर्षं रडवलं.

सकाळीच मी म्हणलो, "त्याचा सत्कार आपण करू." आमचे कॅप्टन अंकुशभाऊ भडकले. "ज्यानं धूळ चारली त्याला शाल-श्रीफळ? बिलकुल न्हाई!"

मी बी अडून बसलो. "भाऊ, त्याच्याच धाकानं आपण रोज सराव करून राह्यलो ना? मंग?"

सामना झाला. आम्ही पुन्हा हरलो. मी नारळ घेऊन निघालो, तर भाऊंनी तो माझ्या हातातून हिसकावला. मला वाटलं, आता फेकतात की काय! पण ते सरळ दादाकडं गेले आणि नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला.

दादा हसला. "मला नारळ द्यायची तुमची लई दिवसांची इच्छा होती. आज पुरी झाली!"

सगळे हसले. भाऊ मात्र हात पुढं करून म्हणाले, "असं असलं तर दे वापस. पुढल्या साली ये खेळायला."

असा सत्कार प्रत्येक संघानं करावाच. तुम्हाला हरवणारा थांबला, तर तुम्ही कोणाला हरवायला खेळणार?